गेट वाजलं की आधी काय बोलायचं

आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आरएफआयडी गेट, म्हणजे इश्यू न झालेलं पुस्तक बाहेर चाललं की वाजणारे दारातले दोन खांब, बसलं तेव्हा कंपनीचा इंजिनीअर ट्रेनिंग देऊन गेला. पुस्तकात टॅग कुठे चिकटवायचा, काऊंटरवरच्या टॅग वाचणाऱ्या पॅडवर पुस्तकं कशी ठेवायची, स्टॉक टेकिंगला हातातला रीडर कपाटावरून कसा फिरवायचा, सगळं व्यवस्थित दाखवलं, आणि गेट वाजलं तर काय, यावर एकच वाक्य, "अलार्म आला की चेक करा". कुणी चेक करायचं, काय चेक करायचं, माणूस थांबलाच नाही तर काय, चौघं एकदम बाहेर पडत असतील तर कुणाला थांबवायचं, यातलं काहीच नाही. तो माणूस मशीन बसवायला आला होता, त्याला दोष नाही. पण कॉलेजातही कुणाला वाटलं नाही की ही शिकवायची गोष्ट आहे, आणि त्याची झळ पुढे विद्यार्थ्यांना बसली.

मी तिथे सहायक ग्रंथपाल आहे. सांगली जिल्ह्यातलं कॉलेज, नाव लिहीत नाही. आजूबाजूच्या बऱ्याच कॉलेजांत आता नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, निमित्ताने गेट बसतायत आणि ओळखीच्या ग्रंथपालांचे फोन येतात की तुम्ही स्टाफला काय सांगितलं, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते.

आमच्याकडे पूर्वी बंदिस्त पद्धत होती, म्हणजे विद्यार्थ्याने चिठ्ठी द्यायची आणि परिचर मामा आत जाऊन पुस्तक काढून आणणार. नंतर मुक्तद्वार केलं. मुलं स्वतः कपाटापाशी उभी राहून पुस्तकं चाळायला लागली, आणि जी पुस्तकं वर्षानुवर्षं जागची हलली नव्हती ती बाहेर पडायला लागली. भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन, त्यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाची जी पाच सूत्रं मांडली त्यातलं तिसरं, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, त्याच्या विवेचनात मुक्तद्वाराचा आग्रह आहे, आणि तो किती बरोबर आहे हे मी डोळ्यांनी बघितलंय. गेट आलं ते या मुक्तद्वारासाठी. पुस्तकांवर लक्ष ठेवायला प्रत्येक कपाटाशी माणूस उभा करता येत नाही, म्हणून. हे मुद्दाम सांगते कारण स्टाफमध्ये गेटची ओळख "चोर पकडायचं मशीन" अशीच झाली होती आणि पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

घोळ दोन प्रकारचा होता. सकाळच्या शिफ्टला गेटवरचे सिक्युरिटीवाले काका वाजलं रे वाजलं की उठून "ए, थांब, बॅग उघड" म्हणून ओरडायचे, तेही अख्ख्या वाचनकक्षाला ऐकू जाईल असं. आणि दुपारच्या शिफ्टला नेमकं उलटं, गेट दिवसभर वाजत राहायचं आणि कुणी मान वर करून बघायचंही नाही, मुलगा दचकून मागे बघतोय, काऊंटरवरून हातानेच "जा जा", की गेला तो. पहिल्याने मुलांचा अपमान होत होता, दुसऱ्याने गेट असून नसल्यासारखं झालं होतं, आणि दोन्हीच्या मुळाशी एकच गोष्ट होती की गेट का वाजतं हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

मग एक दिवस एफवायच्या एका मुलीला पायरीवर बॅग रिकामी करायला लावली. वाळव्याकडून एसटीने येणारी मुलगी. डबा, पाण्याची बाटली, वह्या, सॅनिटरी पॅडचं पाकीट, सगळं फरशीवर, आणि बघायला जाणारी येणारी पंधरावीस पोरं. पुस्तक निघालं, ते तिच्या नावावर रीतसर इश्यू झालेलं होतं, कार्डावर तारीख होती. कुणी तिला सॉरीसुद्धा म्हटलं नाही. त्यानंतर ती किती तरी दिवस ग्रंथालयात आलीच नाही, मैत्रिणीच्या कार्डावर पुस्तकं मागवायची, आणि हे मला त्या मैत्रिणीनेच सांगितलं. मी त्या मुलीला शोधून भेटले, बोलले, पण मला एवढं कळलं होतं की नुसतं एकाला रागावून हे थांबणार नाही. ग्रंथपाल सरांकडे गेले आणि म्हटलं, सर, गेटचं वेगळं ट्रेनिंग घेऊया, सगळ्यांचं, मामांपासून सिक्युरिटीपर्यंत, आणि मी घेते. सर म्हणाले, घ्या, पण आधी मला सांगा ते वाजतं कशामुळे.

हा प्रश्न फार योग्य होता. म्हणून आधी एक रजिस्टर घातलं. साधी वही, गेटशेजारच्या टेबलावर. प्रत्येक वेळी वाजलं की वेळ, पुस्तकाचा दाखल नंबर, आणि काय निघालं ते. विद्यार्थ्याचं नाव लिहायचं नाही हे पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं. सुरुवातीला कुणी लिहीना, मग मी दर तासाला जाऊन विचारायला लागले तेव्हा लिहायला लागले.

आणि ती वही वाचत गेले तसं दिसायला लागलं की बहुतेक वेळा कारण विद्यार्थ्याच्या बॅगेत नसून आमच्याच देवघेव काऊंटरवर आहे.

इथे थोडं आतलं सांगावं लागेल. पुस्तकाला जो टॅग असतो तो १३.५६ मेगाहर्ट्झवर चालणारा, आयएसओ १५६९३ जातीचा, त्याला स्वतःची बॅटरी नसते, गेटच्या दोन खांबांमध्ये जे क्षेत्र असतं त्यातूनच तो तेवढ्यापुरती ताकद घेतो आणि उत्तर देतो. गेट त्याला पुस्तकाचं नाव विचारत नाही, वाचकाचंही नाही. टॅगमध्ये एक छोटा कप्पा असतो, एएफआय म्हणतात, पुस्तक ग्रंथालयात असताना त्यात एक कोड असतो आणि इश्यू करताना पॅडवर तो बदलून दुसरा लिहिला जातो, म्हणजे दाराला कडी असावी तसं, इश्यू करताना काढायची, परत आलं की घालायची. काही ठिकाणी एएफआयच्या जागी ईएएस नावाचा बिट वापरतात, काम तेच. गेट फक्त विचारतं की कडी घातलेलं कुणी आहे का इथे? असेल तर वाजतं.

आता कोहामध्ये, म्हणजे आमच्या ग्रंथालयाच्या सॉफ्टवेअरमध्ये, इश्यूची नोंद होणं आणि टॅगवरची कडी निघणं ही दोन वेगळी कामं आहेत. पॅडचं सॉफ्टवेअर एकीकडे टॅगवर लिहितं आणि दुसरीकडे कोहाशी बोलतं. पण रांग वाढली की आमचे क्लार्क काय करायचे, पॅडच्या भानगडीत न पडता सरळ कोहाच्या स्क्रीनवर बारकोड मारायचे, पटकन होतं म्हणून. कोहात पुस्तक मुलाच्या नावावर चढलं, शिक्का पडला, मुलगा निघाला, आणि टॅगवर कडी तशीच. गेट वाजलं. गेटने त्याचं काम अगदी चोख केलं होतं. त्या मुलीच्या बाबतीत हेच झालं होतं, मी नोंद काढून बघितली.

दुसरं कारण बुक बँकेचं. बुक बँकेचा सेट म्हणजे पाच-सहा पुस्तकं एकदम, सगळा गठ्ठा पॅडवर ठेवायचा. बारीक पुस्तकं एकावर एक आली आणि टॅग नेमके एकाखाली एक बसले की ते एकमेकांना दाबतात आणि एखादा वाचलाच जात नाही. स्क्रीनवर आकडा येतो, पाच ठेवली आणि चार दिसली, पण तो आकडा बघायची सवय कुणालाच नव्हती. म्हणून आता टॅग चिकटवताना आम्ही जागा थोडी थोडी बदलतो, कधी वर कधी खाली, पण पाठपुठ्ठ्याच्या आतच.

बाकी मग फुटकळ. झेरॉक्स गेटच्या बाहेर आहे, संदर्भ विभागातलं पुस्तक घेऊन मुलं झेरॉक्सला जायची आणि वाजायचं. आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजचं पुस्तक बॅगेत असलं, तिथे पॅडवर नीट कडी निघालेली नसली, तर आमच्याकडे आत येतानाच वाजायचं. नवीन पुस्तकांचं स्टँड कुणीतरी शोभेसाठी गेटच्या अगदी जवळ आणून ठेवलं होतं, तिथून कुणी पुस्तक उचललं की वाजायचं, तेव्हा गेटमधून जाणारा बिचारा भलताच असायचा. ते स्टँड मी त्याच दिवशी हलवलं. आणि कधी कधी कुणीच नसताना वाजायचं, तेव्हा गेटच्या वरचा एलईडी पॅनेल बदलून बघितला तर ते बंद झालं, स्वस्तातल्या पॉवर सप्लायमधून गोंगाट निघतो तो या गेटला त्रास देतो असं नंतर सर्व्हिसवाल्याने सांगितलं. लोखंडी शटरही खांबांच्या फार जवळ असू नये.

एवढं हातात आल्यावर ट्रेनिंग घेतलं. परीक्षा संपल्यावर ग्रंथालयात गर्दी नसते तेव्हा, दोन बॅचमध्ये, म्हणजे काऊंटर बंद पडू नये. सगळे होते, लिपिक, परिचर मामा, सिक्युरिटीचे काका आणि मावशी, झाडलोट करणाऱ्या ताईसुद्धा, कारण संध्याकाळी गेटजवळ पुष्कळदा त्याच असतात.

मी पीपीटी केली नव्हती. पहिली गोष्ट एकच केली, प्रत्येकाच्या हातात एकेक पिशवी दिली. काही पिशव्यांत कडी काढलेलं पुस्तक होतं, काहींत न काढलेलं, कुणाला काय मिळालंय माहीत नाही, आणि सगळ्यांना वाचनकक्षात बसवून म्हटलं की एकेक करून बाहेर पडा. आमचे सगळ्यात जुने मामा, निवृत्तीला आलेले, तीस वर्षं याच ग्रंथालयात काढलेली, ते निघाले आणि गेट वाजलं. लाल दिवा लागला, आणि सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या. मामा जागच्या जागी थांबले, पिशवी छातीशी धरली आणि म्हणाले, "म्या काय बी घेतलं न्हाई वो." त्यांना माहीत होतं की हे नाटक आहे, पुस्तक मीच घातलंय, तरी ते वाक्य आलं. कान लाल झाले होते त्यांचे. कुणी हसलं नाही. सकाळचे ओरडणारे काका शेजारीच उभे होते, ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "आयला, हे असं वाटतंय व्हय." मला जे तासभर बोलून सांगता आलं नसतं ते तिथे झालं.

त्यानंतर मग गेटचं काम समजावून सांगितलं. इंजिनीअरच्या भाषेत नाही, कडीच्या भाषेत. एक पुस्तक घेतलं, नुसतं कोहात इश्यू केलं, पॅडला लावलं नाही, आणि गेटमधून नेलं. वाजलं. तेच पुस्तक पॅडवर ठेवलं, परत नेलं. गप्प. लिपिक लोकांचे चेहरे तेव्हा बघण्यासारखे होते, कारण इतके दिवस ते "मशीन खराब आहे" म्हणत होते. मग उलटही दाखवलं, जे जास्त महत्त्वाचं आहे, परत आलेलं पुस्तक फक्त कोहात रिटर्न केलं, पॅडवर ठेवलंच नाही, कडी घातलीच गेली नाही, आणि ते पुस्तक कपाटात गेलं. आता ते कुणीही उचलून न्या, गेट वाजणार नाही. हे बघितल्यावर बारकोडचा शॉर्टकट आपोआप कमी झाला, मला नियम करावा लागला नाही.

गेटला काय कळत नाही हेही सांगितलं. अॅल्युमिनियमच्या फॉईलमध्ये गुंडाळलेला टॅग त्याला दिसत नाही, धातूच्या मधे दाबलेला दिसत नाही, टॅग उपटून टाकला तर काहीच नाही. म्हणजे ज्याला ठरवून न्यायचंच आहे तो नेईल. आणि मग जे वाजतं त्यात मुद्दाम नेणारा क्वचितच असतो. हे उलगडून सांगितलं की स्टाफच्या डोक्यातून पोलिसगिरी बरीचशी उतरते. तसंच मुलं जी कारणं देतात त्यातली खरी कुठली तेही सांगितलं. नवीन शर्टाच्या टॅगमुळे वाजलं, मेट्रो कार्डमुळे वाजलं, एटीएम कार्डमुळे वाजलं. कपड्यांच्या दुकानातले टॅग वेगळ्या फ्रिक्वेन्सीचे असतात. मेट्रो कार्ड आणि टॅप करायची एटीएम कार्डं १३.५६ चीच, पण त्यांचं बोलणं वेगळ्या स्टँडर्डचं, ती आमच्या गेटला उत्तर देत नाहीत. म्हणजे मूल खोटं बोलतंय असं नाही, त्यालाही खरंच माहीत नसतं, पण तेवढ्यावर सोडून द्यायचं नाही, पुस्तक बघायचं. ज्यांच्याकडे जुनी चुंबकीय पट्टीची सिस्टिम आहे त्यांचं गणित वेगळं, तिथे दुसऱ्या ग्रंथालयाची किंवा दुकानाची पट्टी, कधी एखादी धातूची वस्तूही वाजवू शकते, आणि पट्टी उतरवायच्या यंत्राजवळ कॅसेट किंवा फ्लॉपी न्यायची नाही हेही शिकवावं लागतं.

आणि मग आलं पहिलं वाक्य. यावर आम्ही सगळ्यात जास्त वेळ घालवला.

मी फळ्यावर काही लिहून आणलं नव्हतं, त्यांनाच विचारलं की मामा, तुमच्या नातवाचं गेट वाजलं आणि तिथला माणूस त्याच्याशी बोलला तर काय बोलावं असं वाटेल तुम्हाला? हळूहळू वाक्यं यायला लागली. "बॅग दाखव" गेलं. "काय घेतलंस" गेलं. "थांब" सुद्धा गेलं, एकटं "थांब" ऐकायला वाईट लागतं. शेवटी मावशींनी जे सांगितलं ते सगळ्यांनी उचललं, "बाळा, पुस्तकाचं इश्यू नीट झालं न्हाई वाटतं, दे जरा, काऊंटरला बघून देते." यात सगळं आहे बघा. चूक पुस्तकाच्या इश्यूची आहे, म्हणजे आमची. मागणं पुस्तकाचं आहे, बॅगेचं नाही. आणि जायचं आहे पुस्तकाने, मुलाला फक्त दोन पावलं मागे यायचंय. आवाज समोरच्याला ऐकू जाईल एवढाच. काकांनी हे वाक्य पाठ करून घेतलं, पण त्यांना "बाळा" जमेना, ते "दादा" म्हणतात, "ताई" म्हणतात, चालतंय की. प्राध्यापकांना "सर, मॅडम". वाक्य तेच ठेवायचं एवढाच आग्रह धरला.

प्राध्यापकांवरून जरा वाद झाला. एक परिचर म्हणाले, मॅडम, साहेब लोकांना कसं थांबवायचं, उद्या आमच्यावर येईल. बरोबर होतं त्यांचं, आणि खरी गोची इथेच असते, गेट वाजलं आणि समोर विभागप्रमुख असले तर सगळे दुसरीकडे बघतात आणि तेच एसटीने आलेलं पोर असलं तर बॅग उघडली जाते. मी ग्रंथपाल सरांना विनंती केली की हे तुम्ही स्टाफ मीटिंगमध्ये बोला, आणि ते बोलले, आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचं स्वतःचं पुस्तक वाजलं तेव्हा ते परत येऊन काऊंटरवर उभे राहिले. परिचरांनी ते बघितलं. त्यानंतर तो प्रश्न कुणी विचारला नाही.

चौघं एकदम बाहेर पडत असतील तर? चौघांकडेही पुस्तकं मागायची, माणसांना परत परत गेटमधून चालवायचं नाही. पुस्तकं एकेक करून पॅडवर ठेवली की कळतं. पुस्तक सापडत नसेल तर बॅग विद्यार्थ्याने स्वतः उघडायची, स्वतः काढायचं, आम्ही हात घालायचा नाही, आणि हे बाजूच्या टेबलावर करायचं, दारात कधीच नाही. मुलगी असेल तर मावशी किंवा मी. आणखी एक सोपी युक्ती म्हणजे रिकाम्या हाताने माणूस एकदा जाऊ दे आणि बॅग आम्ही नंतर खांबांमधून फिरवतो, बॅग न उघडताच कळतं की वाजणारं त्यात आहे की नाही. सत्तरीतले एक निवृत्त सर येतात, त्यांना पेसमेकर आहे, त्यांच्यासाठी तर हेच करायचं असं ठरवलं, कारण पेसमेकरवाल्यांनी अशा गेटमधून नेहमीच्या चालीने निघून जावं, टेकून किंवा रेंगाळून उभं राहू नये असं डॉक्टर सांगतात, मग त्यांना तीनदा मागे-पुढे चालवणं चुकीचंच.

आणि माणूस थांबलाच नाही तर? जाऊ द्यायचं. यावर सगळ्यांचा विरोध झाला, काका तर म्हणाले मग आम्ही बसायचं कशाला. तेव्हा मी त्यांना सांगितलं की कुणाला अडवून धरणं, दार लावून घेणं, हात धरणं, हे कायद्यात बसत नाही, भारतीय न्याय संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू आहे, तिच्यात कलम १२६ आणि १२७ बेकायदा अडवणूक आणि डांबून ठेवण्याचीच आहेत, आणि एका पुस्तकासाठी ती तुमच्यावर लागली तर संस्था तुमच्या मागे उभी राहीलच असं नाही. एजन्सीतर्फे आलेल्या माणसाच्या बाबतीत तर नाहीच. वेळ लिहायची, ओळखीचा असेल तर सरांना सांगायचं, पुढचं ते बघतील. हे ऐकल्यावर काका शांत झाले, किंबहुना मला वाटतं त्यांना सुटल्यासारखं वाटलं, कारण इतके दिवस त्यांची समजूत होती की पुस्तक गेलं तर पगारातून कापणार. तसं कुणी कधी म्हटलेलं नव्हतं पण नाही असंही कुणी सांगितलं नव्हतं. पगारातून कापणार नाही हे मी सरांकडून लेखी घेतलं.

लाईट गेली की गेट बंद, आमचं यूपीएसवर नव्हतं, ते घेतलं. सकाळी उघडल्यावर एक टेस्टचं पुस्तक, कडी घातलेलं, दोन्ही बाजूंनी घोट्याजवळून, कमरेजवळून आणि खांद्याजवळून न्यायचं. अर्ध्या मिनिटाचं काम, पण खालचा अँटेना मधे ढिला झाला होता तो यातच सापडला. भोंग्याचा आवाजही सर्व्हिसवाल्याकडून कमी करून घेतला, वाचनकक्षाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू जायची काहीच गरज नसते.

झेरॉक्सचं असं केलं की संदर्भ पुस्तकांसाठी काऊंटरवर एक छोटं टोकन, पुस्तक तेवढ्यापुरतं पॅडवर ठेवून कडी काढायची, आल्यावर घालायची. रांगेत थोडा वेळ जातो पण वाजणं बंद झालं.

बदल लगेच सगळा झाला असं नाही. काही दिवस नीट चाललं, मग एजन्सीने काकांना दुसऱ्या साईटवर पाठवलं आणि नवीन माणूस आला, त्याने पहिल्याच दिवशी "ए, थांब". तेव्हा मामांनी त्याला बाजूला घेतलं आणि पिशवीत पुस्तक घालून गेटमधून जायला लावलं, मला न विचारता. म्हणजे ट्रेनिंग आता मामाच देतात, आणि माझ्यापेक्षा चांगलं देतात. तरी गेटजवळ एक लॅमिनेट केलेला कागद लावलाय, त्यावर ते वाक्य आणि खाली चार ओळी, हात बॅगेत घालायचा नाही, दारात तपासायचं नाही, अडवायचं नाही, वहीत लिहायचं.

खरोखर न सांगता पुस्तक नेणारा एक सापडला, तेही सांगते, नाहीतर असं वाटेल की आमच्याकडे सगळं इश्यूच्याच गडबडीमुळे होतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी, एमएस्सीचा मुलगा, संदर्भ विभागातलं एकच प्रत असलेलं पुस्तक शर्टाच्या आत. गेट वाजलं, मावशी त्याला तेच वाक्य बोलल्या, "इश्यू नीट झालं न्हाई वाटतं". आणि तो तिथेच थांबला, पुस्तक काढून दिलं आणि रडायला लागला. मावशींनी त्याला केबिनमध्ये आणलं, पाणी दिलं. त्याला ते पुस्तक रात्रभर हवं होतं, हॉस्टेलला वाचायला, आणि संदर्भ पुस्तक मिळत नाही हे त्याला माहीत होतं. पण ग्रंथालय बंद होताना न्यायचं आणि सकाळी उघडताना परत करायचं अशी ओव्हरनाइटची सोय आमच्याकडे आहे, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. सरांनी समज दिली, नोंद केली, आणि मग ओव्हरनाइट इश्यू करून दिलं. सकाळी साडेसातला पुस्तक परत आलं. ओव्हरनाइटची पाटी आता संदर्भ विभागाच्या दारावर आहे.

वही अजून चालू आहे. वाजण्याच्या नोंदी पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी आहेत आणि ज्या आहेत त्यात गठ्ठ्यातलं सुटलेलं पुस्तक हेच मुख्य, त्यावर अजून पुरता उपाय मिळालेला नाही. बुक बँकेच्या दिवसांत आम्ही आता तीन-तीनचेच गठ्ठे ठेवतो आणि स्क्रीनवरचा आकडा मोठ्याने म्हणायचा असं ठरवलंय, "तीन ठेवली, तीन आली".

संध्याकाळचं काऊंटर कमवा आणि शिका योजनेतली मुलं बघतात, ती दरवर्षी बदलतात, त्यामुळे हे ट्रेनिंग दर जूनला नव्याने घ्यावं लागतं आणि ते प्रवेश सुरू व्हायच्या आधी झालं पाहिजे हा माझा हट्ट आहे. त्या मुलांना तर अजून अवघड जातं, समोर त्यांच्याच वर्गातला मित्र असतो, त्याला कसं बोलवायचं. गेल्या वर्षीच्या एका मुलाने त्यावर त्याचाच उपाय काढला, तो वाजलं की स्वतः उठून पुस्तक घ्यायला जायचा, मित्राला परत यायलाच लावायचा नाही. यंदाच्या मुलांना ते सांगितलं. आणि एफवायच्या मुलांच्या ग्रंथालय परिचयाच्या तासाला आता दहा मिनिटं गेटची ठेवलीत, ज्याला हवं त्याला कडी घातलेलं पुस्तक घेऊन एकदा वाजवून बघायला देतो, आणि वाजलं तर तुम्ही चोर नाही, फक्त काऊंटरवर या, एवढं सरळ शब्दांत सांगतो. वाळव्याकडची ती मुलगी आता टीवायला आहे, यावर्षी कमवा आणि शिकासाठी तिने ग्रंथालयच मागितलंय, अर्ज सरांच्या टेबलावर आहे आणि माझी शिफारस सगळ्यात वर लावलीय.